एका मनगटावर दोन मुद्रा

तेजल सरवदे ही एक मुलगी नसून दोन मुली आहेत, असा निकाल मशीनने दिला तेव्हा तेजल केळं खात होती.

सकाळचा सराव नुकताच संपला होता. धाराशिवच्या मैदानावर ऊन चढायला लागलं होतं आणि राज्याच्या खो-खो शिबिरातल्या मुली रांगेने मनगट पुढे करून कडं तपासून घेत होत्या. हिरवा दिवा लागला की मुलगी पुढे सरकायची. तेजलचा लाल लागला. तपासणीला आलेल्या माणसाने कडं शर्टाच्या टोकाने पुसलं, पुन्हा बांधलं. पुन्हा लाल. मग त्याने टॅबवरचा मजकूर वाचला आणि हिला काही लागण झाली असावी तसा मागे सरकून विचारता झाला, "तुझ्या नावावर दुसरं कोण खेळतं?"

"म्हणजे?"

"'बुरूज' गेमच्या लीगमध्ये तुझं नाव आहे. तिथली मुद्रा वेगळी, इथली वेगळी. ही दोन माणसं आहेत. त्यातलं एक डमी आहे. कोण ते सांगून टाक, म्हणजे प्रकरण वाढणार नाही."

तेजलने उरलेलं केळं तोंडात कोंबलं, कारण हातात राहिलं असतं तर त्याच्या अंगावर गेलं असतं. "दोन्हीकडे मीच खेळते," ती घास गिळून म्हणाली.

"मशीन खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते का?"

त्या माणसाने टॅबवर काहीतरी टिपून घेतलं. मशीन आणि वीस वर्षांची पोरगी यांतलं खरं कोण, असा प्रश्न त्याच्या डोक्याला शिवलाच नव्हता. रांगेत मागे कुणीतरी कुजबुजलं, "गेम भाऊ खेळत असेल तिचा." तेजलला भाऊ नव्हता. असता तर त्याला मात्र कुणी कधी विचारलं नसतं, की बाबा रे, तुझा गेम तुझी बहीण तर खेळत नाही ना.

हे कडं येऊन फार वर्षं झाली नव्हती, पण आता त्याच्याशिवाय खेळाच्या जगात पान हलत नव्हतं. त्यामागचं विज्ञान अवघड नाही. हात पुढे करून कितीही स्थिर धरला तरी तो बारीकसा थरथरतच असतो. हा आजार नव्हे. मेंदूकडून स्नायूंना जे आदेश येतात ते नळाच्या धारेसारखे सलग येत नाहीत, थेंबाथेंबाने येतात, आणि त्या थेंबांची लय माणसागणिक वेगळी असते. कडं कातडीवरून स्नायूंतली वीज मोजतं आणि ती लय ओळखतं. तिला चेतामुद्रा म्हणतात. अंगठ्याचा ठसा रबरावर उतरवता येतो, चेहऱ्याचा मुखवटा करता येतो. चेतामुद्रेची नक्कल करायची तर दुसऱ्याची आख्खी चेतासंस्था उसनी आणावी लागेल. वय चोरणारे आणि दुसऱ्याच्या नावावर मैदानात उतरणारे डमी यामुळे बंद झाले. गेमच्या लीगमध्ये भाडोत्री खेळाडूंनी उच्छाद मांडला होता, तोही थांबला. सगळे खूश झाले. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की मैदानावरच्या आणि पडद्यावरच्या नोंदी एकाच जागी ठेवाव्यात. एक माणूस, एक मुद्रा. ऐकायला किती छान वाटतं!

त्या नोंदी एकत्र झाल्या आणि तेजलची स्वतःशीच टक्कर झाली.

सगळ्यात जास्त लागलं ते पाचंगे सरांचं बोलणं. पाचंगे सरांनी तिला तिसरीत असताना मैदानावर आणलं होतं. पहिली हूल त्यांनी शिकवली, गुडघा फुटला तेव्हा हळद त्यांनी दाबली, बाप गेला त्या वर्षी शाळेची फीसुद्धा माफ करून आणली. तेच सर तिला लिंबाच्या झाडाखाली घेऊन गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तेजे, माझ्यापाशी लपवू नको. ते तिकडं कोण खेळतंय?"

"सर, तुम्हीसुद्धा?"

"अगं, मी आपला विचारायलोय."

"मीच खेळते. टिटवी नावानं खेळते. पहिलीत होते तेव्हापासून, मावशीच्या घरी. सकाळी तुमच्याकडं, संध्याकाळी तिकडं. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही नेहमी हसायचात."

सर हसायचे, हे खरं होतं. "पोरीला नाद आहे जरा," असं म्हणायचे, जसं एखाद्या बऱ्या घरच्या मुलाच्या तंबाखूबद्दल म्हणावं.

पुण्याला ज्या प्रयोगशाळेत कडं जन्मलं, तिथल्या डॉ. शाल्मली दातार यांनी तेजलला बोलावून घेतलं. बाई सरळ होत्या. त्यांनी तिला आधी मोकळ्या जागेत पळायला लावलं, मग खुर्चीवर बसवून हातात गेमचा कंट्रोलर दिला. तेजल पळत होती तोवर पडद्यावर एक लय उमटत होती. तिने 'बुरूज' सुरू केला, पहिल्या शत्रूची चाहूल लागली, आणि कुणी दिवा बदलावा तशी ती लय बदलली. दातार बाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"आम्ही हे कधी पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मेंदूच्या मागच्या बाजूला अनुमस्तिष्क असतं. हालचालींची सगळी शिकवणी तिथे. बहुतेक लोक एकाच घडणीवर सगळी कामं उरकतात. तू मात्र अगदी लहानपणापासून, रोज, तितक्याच जिवाने दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी केल्यास. मेंदूने काय केलं, तर एका घरात दोन चुली मांडल्या."

"मग?" तेजल म्हणाली. "आमच्या आळीत निम्म्या घरांत दोन चुली आहेत. सरकार रेशनकार्डसुद्धा दोन देतं."

बाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "प्रणालीत तशी सोय नाही."

"तुम्ही हे मशीन बनवलं तेव्हा कुणावर तपासलं?"

"बाराशे लोकांवर."

"कोणत्या?"

"आमच्या संस्थेतले. आजूबाजूच्या कंपन्यांतले."

"दिवसभर खुर्चीवर बसणारे."

"हो."

"म्हणजे ज्यांना दुसरी बाजूच नव्हती, त्यांच्यावरून तुम्ही ठरवलंत की माणसाला एकच बाजू असते."

बाईंनी नाही म्हटलं नाही. पण नाही न म्हणण्याने लाल दिवा हिरवा होत नाही. त्यांच्यापाशी एक उपाय मात्र होता, आणि तो सांगताना त्यांनी तेजलच्या डोळ्यांत पाहणं टाळलं. डोक्याच्या मागच्या बाजूला चुंबकीय लहरी द्यायच्या. दुखत नाही. ज्या खेळाची मुद्रा नको असेल, तो खेळ पडद्यावर दाखवत राहायचं आणि तेवढ्या जुळण्या ढिल्या करत न्यायच्या. दीड महिन्यात एकच मुद्रा उरते. आठवणी जात नाहीत. खेळाचे नियम पाठ राहतात, हौसही राहते. फक्त हात नवशिक्याचा होतो.

"हौस राहते आणि हात जातो," तेजल म्हणाली. "बाई, हा उपाय आहे की शाप?"

संघाची निवड महिनाअखेर होती. पुढे आशियाई स्पर्धा होती, आणि त्यापुढे खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. 'बुरूज'च्या लीगची अंतिम फेरीही त्याच सुमारास होती. दोन्हीकडून एकच निरोप आला. एक मुद्रा ठेवा, दुसरी मिटवा, नाहीतर दोन्हीकडून बाद.

पाचंगे सरांना या सगळ्यात देवाचा हात दिसला. ते तिच्या घरी आले नाहीत की त्यांनी तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानावर शिट्टी मारली, मुलींना गोल बसवलं आणि जाहीर करून टाकलं की आपली तेजल तो गेम कायमचा मिटवून पूर्णपणे मातीची होणार आहे. मग सवयीप्रमाणे म्हणाले, "वाजवा टाळ्या!" मुलींनी वाजवल्या. सरांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या की वाजवायच्या, हे त्या मैदानावर कुणाला शिकवावं लागत नव्हतं. तेजल त्या गोलात बसली होती. आपल्याच तेराव्याला पंगतीत बसल्यासारखं तिला वाटलं.

त्याच दुपारी तिच्या गेम-संघाचा कप्तान झुबेर याचा सोलापूरहून फोन आला. तो पोरगा मनाचा मोठा, पण त्याचीही तीच तऱ्हा. "टिटवी, आपण तर सांगून टाकलं लीगवाल्यांना, ती पळापळी सोडतेय म्हणून. काय ठेवलंय गं त्या मातीत? गुडघे फोडून घ्यायचे. इकडं पूर्ण वेळ ये. तुझ्यासारखा दम कुणात नाही."

"हा दम कुठून आला असं वाटतं तुला?"

"तुझाच आहे की."

"मला विचारलंस का सांगायच्या आधी?"

झुबेर गडबडला. "अरे, मला वाटलं, तू तेच म्हणणार."

सगळ्यांना वाटत होतं की ती तेच म्हणणार. प्रत्येकजण तिच्यावर जीव टाकत होता, आणि प्रत्येकाला ती अर्धीच हवी होती.

आई एसटीत कंडक्टर. ड्यूटीवरून आली, तिकिटाचं मशीन खुंटीला लावलं आणि चहा टाकता टाकता सगळं ऐकून घेतलं. तेजलला वाटलं होतं, आई तरी चिडेल. आई चिडली नाही.

"तेजू, नोकरी लागंल गं तुला," ती म्हणाली. "खो-खो ठेव. गेम गेला तर काय जातंय?"

"मी जातेय."

"अख्खी थोडीच जातीस?"

"आई, तुला कुणी म्हणालं, की आई रहा नाहीतर कंडक्टर रहा, एकाची सवय हातातून काढून टाकू, तर?"

आईने चहा गाळला. "मी हो म्हणलं असतं," ती कप भरत म्हणाली. "तुझं पोट भरायचं होतं. आपल्याला निवडायची चैन कधी होती? पण तू म्हणू नको. मला भीती वाटती म्हणून तू हो म्हणू नको."

तेजलने तिच्या हातातला कप घेतला. एवढ्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा तिच्याशी बोललं होतं, तिच्याबद्दल नाही.

सुनावणी क्रीडासंकुलाच्या सभागृहात झाली. टेबलामागे संघटनेचे अध्यक्ष नलावडे, शेजारी दातार बाई आणि त्यांचा टॅब. नलावडे यांनी आयुष्यात कधी लंगडीसुद्धा घातली नसावी, पण क्रीडाभूषण वगैरे पदव्यांनी त्यांचं लेटरहेड गच्च भरलं होतं. बाकावर पाचंगे सर, नव्या इस्त्रीचा शर्ट घालून.

तेजलने कडं बांधलं. लय बदलली तरच दिवा लाल व्हावा, असं ते या वेळी लावलं होतं. सभागृहाला लागून असलेल्या मैदानावर मुली पाटीवर बसल्या आणि ती सगळ्यांच्या देखत पळाली. कोण उठणार हे तिला आधी कळायचं. बसलेल्या मुलीला पाठीमागून खो मिळेपर्यंत ती पलीकडच्या बाजूला गेलेली असायची. मग घामेजलेल्या कपड्यांतच आत येऊन, कडं न काढता, ती 'बुरूज' खेळली. तिथेही तसंच, शत्रू यायच्या आधी तिला चाहूल लागायची. दिवा हिरव्याचा लाल झाला. टेबलामागच्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, की पळणारी आणि खेळणारी ही एकच मुलगी आहे, एकच नाक, एकच डोळे, एकच घाम.

"सिद्ध झालं," दातार बाई म्हणाल्या. "ही डमी नाही."

"आम्हाला पटलं," नलावडे उदारपणे म्हणाले. "पण नियमात बसत नाही."

तेजलला वाटलं, या माणसाला सूर्य दाखवला तर तो आधी घड्याळात बघेल, उगवायची वेळ झाली आहे का म्हणून.

दातार बाईंनी मात्र मधला मार्ग काढून आणला होता. कॅमेऱ्यासमोर तेजलने फक्त एवढं म्हणायचं: 'मी गेमर नाही. नजर तीक्ष्ण व्हावी म्हणून मी सरावाचं साधन म्हणून गेम खेळते.' मग दुसरी मुद्रा दुय्यम म्हणून टाकता येईल. लीगला उलट सांगायचं, की खो-खो हा फक्त व्यायाम आहे. लहरी नकोत, काही नको. दोन वाक्यं, आणि दोन्ही दिवे हिरवे.

सरांचा चेहरा उजळला. "हे बेस झालं! आणि खोटं कुठाय त्यात? हिच्या पाठीला डोळे आहेत असं मी नेहमी म्हणायचो. ते गेममुळंच आले असतील. म्हण गं."

"आले असतील," तेजल म्हणाली. "आणि नसते आले तर? माझ्या गेमचा खो-खोला काडीचा उपयोग नसता, तर तो मिटवायचा होता का? सर, मी नजरेसाठी नाही खेळत. मला आवडतो म्हणून खेळते. तुमचा खो-खो मी काय पायांच्या व्यायामासाठी खेळते? एकीला मालकीण करून दुसरीला तिची मोलकरीण नाही करणार मी."

"दोन वाक्यं आहेत गं!"

"दोन्ही खोटी आहेत."

मग मात्र सरांचा संयम सुटला. ते बाकावरून उठले, आणि इतकी वर्षं मैदानावर जपून वापरलेली शाळेची उरलीसुरली भाषाही गळून पडली. "लई शहाणी झालीस! मी नाही सोडलं? आमचं घर गोंधळ्याचं. सात पिढ्या संबळ वाजवणारं. सहा वर्षांचा असल्यापासून बापाच्या मांडीला मांडी लावून वाजवलंय मी, तुळजापूरच्या जत्रेत माणसं थांबायची ऐकायला. नोकरी लागली तेव्हा हेडमास्तर म्हणले, शाळंत सर आणि जत्रंत गोंधळी, हे चालायचं नाही. एक धरा. धरलं मी. काय अडलं माझं? आणि गेलं का कुठं? हाताला असती कला, तेजे. हातातून कुठं जात नाही. आत्ता वाजवून दाखवीन!"

तेजललाही हे नवं होतं. इतक्या वर्षांत सरांनी संबळाचं नाव काढलं नव्हतं. पण तिच्या रागाला आता थांबायचं नव्हतं. तिने मनगटावरचं कडं सोडलं आणि सरांपुढे धरलं.

"मग वाजवा, सर."

सरांनी ते हिसकावूनच घेतलं आणि बांधलं. दातार बाईंनी टॅब सरसावला. सर टेबलापाशी गेले, नलावड्यांच्या पुढ्यातली दोन पेनं उचलली, एक जरा तिरकं धरलं, डोळे मिटले आणि लाकडावर ठेका धरला.

पहिले ठोके ठीक पडले. मग उजवा हात पुढे गेला आणि डावा मागे राहिला. सर थांबले, मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. या वेळी आधीच अडखळले. तिसऱ्यांदा त्यांनी तोंडाने बोल म्हणत वाजवायचा प्रयत्न केला. बोल बरोबर होते. ते ऐकताना कळत होतं की यांना सगळं आठवतंय, कुठे हात पडायला हवा तेही ठाऊक आहे, आणि हात तिथे पडत नाही. कवायतीच्या शिट्टीसारखे सरळ, एकसारखे ठोके पडत राहिले. दिवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत हिरवा होता.

"एकच मुद्रा," दातार बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दुसरीचा मागमूसही नाही."

"वा, सर!" नलावडे मनापासून म्हणाले. "बघ मुली. असं स्वच्छ पाहिजे. एक माणूस, एक मुद्रा. सरांचा आदर्श घे."

सरांनी पेनं खाली ठेवली. आपले दोन्ही हात त्यांनी उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. त्यांचं वय एकदम दिसायला लागलं. तेजलचा राग त्यांच्यावरून निघून गेला. तो आणखी भडकला, पण आता त्याला खरा पत्ता सापडला होता. ज्या हेडमास्तरांचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं त्यांच्यावर, बाराशे खुर्च्यांवर, आणि या टेबलामागून शाबासकी देणाऱ्या माणसावर तो राग होता. एका माणसाचा अर्धा जीव गेला होता, आणि ते याला स्वच्छ म्हणत होते.

"अध्यक्षसाहेब," ती म्हणाली, "तुमचं मशीन म्हणतं आम्ही दोघी आहोत. ठीक आहे. मला मान्य आहे. मग दोघींनाही बाद करा. दोघी घरी जाऊ. पण एकीने दुसरीचा गळा दाबून संघात यायचं, हे काम माझ्या हातून होणार नाही. आणि ती दोन खोटी वाक्यंही मी म्हणणार नाही, त्यात गळा जरा हळू दाबला जातो, एवढंच."

"संघ जाईल तुझा. नोकरी जाईल."

"माहीत आहे मला. वीस वर्षांची आहे, दुधखुळी नाही."

नलावड्यांनी टॅब स्वतःकडे ओढला आणि चिडून बोट फिरवलं. पडद्यावर तिचं नाव दोन ओळींत होतं. दोन्ही ओळी करड्या झाल्या, म्हणजे दोन्ही मुली तूर्त बाद. दातार बाई काहीतरी म्हणणार होत्या, म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल तेजलने त्यांना पुढे कधी माफ केलं नाही.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे अजून," नलावडे पाचंगे सरांकडे वळून म्हणाले. "सर, तुमचं ऐकते ती. समजवा तुमच्या मुलीला."

सरांनी मनगटावरचं कडं सोडलं. त्यावरचा दिवा अजून हिरवाच होता. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि ते तेजलच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"दोघी माझ्याच हायत, साहेब," ते म्हणाले. "आणि दोघींचंही बरोबर हाय."